अपडेटनंतर लिनक्स मिंट सुरू होत नाही, वायफाय गेलं, स्क्रीन काळी पडली: कर्नल कोणत्या क्रमाने तपासायचा

"काल अपडेट मारला, आज चालूच होत नाहीये." लिनक्स मिंट वापरणारे नातेवाईक, ओळखीचे दुकानदार आणि शाळांचे संगणक कक्ष यांचे मला येणारे फोन बहुतेक याच वाक्याने सुरू होतात. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "फॉरमॅट मारावं लागेल का?" नाही. नव्या कर्नलमुळे (कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा लिनक्सचा गाभा) मशीन अडलं असेल, तर फॉरमॅटची वेळ फार क्वचित येते आणि तुमच्या फाइलींना बहुधा धक्काही लागलेला नसतो. फक्त घाबरून कुठून तरी उचललेल्या आज्ञा एकामागून एक चालवू नका. थोडक्यात सुटणारं काम त्यानेच अवघड होतं. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. मधली पायरी गाळू नका, कारण प्रत्येक तपासणीचं उत्तर पुढे कुठे जायचं ते सांगतं.

हे लिनक्स मिंट २१ आणि २२ च्या मालिकांसाठी आहे. मिंटचा कर्नल उबुंटूच्या भांडारातून येतो, त्यामुळे उबुंटूवरही बहुतेक सगळं असंच चालतं, फक्त अपडेट मॅनेजरची खिडकी वेगळी दिसेल. मिंट २१ उबुंटू २२.०४ वर उभं आहे आणि ५.१५ कर्नल घेऊन आलं. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर आहे आणि ६.८ घेऊन आलं. २२.२ मध्ये ६.१४ आला. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

लक्षणं

यातलं एक किंवा दोन तुम्हाला दिसत असतील:

- मिंटचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो, किंवा काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकतो.
- "कर्नल पॅनिक" आणि त्याच ओळीत "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस" असा संदेश येतो.
- डेस्कटॉप नीट येतो, पण वायफाय, आवाज किंवा ब्लूटूथ नाही.
- सगळं भलंमोठं दिसतं, रिझोल्यूशन बदलता येत नाही, दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही.
- व्हर्च्युअलबॉक्स कालपर्यंत चालत होतं, आज मॉड्यूल सापडत नाही म्हणतं.
- अपडेट मॅनेजर मध्येच थांबतो आणि "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असं दाखवतो.
- "बॅड शिम सिग्नेचर" असं दाखवून मशीन परत मेनूवर येतं.
- लॅपटॉप झोपवल्यावर उठत नाही, आणि हे अमुक अपडेटपासूनच सुरू झालं.

एक लक्षण मुद्दाम वेगळं काढतो. काळ्या स्क्रीनवर "इनिट्रॅमएफएस" असा प्रॉम्प्ट येऊन मशीन थांबलं असेल आणि वर कुठेतरी "रन एफएससीके मॅन्युअली" (एफएससीके ही फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) दिसत असेल, तर तो बहुधा कर्नलच्या आवृत्तीचा प्रश्न नसतो, डिस्कचा किंवा फाइल सिस्टिमचा असतो. तुम्ही थेट शेवटाकडच्या "कुठे थांबायचं" या भागात जा.

आधी मशीनमध्ये काय असतं ते

नवा कर्नल आला की तो जुन्यावर चढत नाही, त्याच्या शेजारी बसतो. /बूट या फोल्डरमध्ये प्रत्येक आवृत्तीचा आपला संच असतो: खुद्द कर्नल, म्हणजे "व्हीएमलिनझ" ही फाइल, आणि "इनिटआरडी" नावाची एक गठडी. डिस्क, एन्क्रिप्शन, ग्राफिक्स यांसाठी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर या गठडीत असतात. बाकीचे ड्रायव्हर /लिब/मॉड्यूल्समध्ये त्या त्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात असतात. ग्रब हा बूट मेनू यांतली सर्वांत वरच्या क्रमांकाची आवृत्ती आपोआप निवडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. कालपर्यंत चालणारा कर्नल बहुधा आजही तुमच्या मशीनमध्ये आहे. आणि नवा कर्नल अडत असेल तर कर्नलची फाइल, इनिटआरडी आणि मॉड्यूल्स या तीन जागांपैकी कुठेतरी काहीतरी अपुरं राहिलं आहे, किंवा क्वचित त्या कर्नलमध्येच दोष आहे. पुढच्या सगळ्या तपासण्या यावरच उभ्या आहेत.

१. पूर्ण बंद करा, बाहेरचं सगळं काढा

रीस्टार्ट नाही, शटडाउन. लॅपटॉपचा चार्जर काढा, डेस्कटॉपचा स्विच भिंतीवर बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, वायफायचा डोंगल काढून मग सुरू करा. यात वेळ आणि पैसा काहीच जात नाही. वायफाय कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कधीकधी नुसत्या रीस्टार्टने जागचं हलत नाही, वीज पूर्ण तुटल्यावर नव्याने चढतं.

शेजारी विंडोज असेल तर त्यातलं "फास्ट स्टार्टअप" बंद करा. ते चालू असलं की विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. कार्ड त्याच अवस्थेत राहतं, आणि मग दोष लिनक्सच्या अपडेटवर जातो.

२. जुन्या कर्नलवर सुरू करा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

मशीन सुरू होताना, कंपनीचा लोगो दिसतो त्या वेळी, यूईएफआय (नव्या मशीनमधलं, बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असेल तर एस्केप दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप एकदाच दाबायचं. धडाधड दाबलं की मेनूच्याही पलीकडे जाऊन ग्रबची कमांड ओळ येते. तसं झालं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा प्रयत्न करा. मेनूत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" ही ओळ असते. ती उघडली की कर्नलची यादी येते, प्रत्येकाच्या दोन ओळी: एक साधी, एक "रिकव्हरी मोड" लिहिलेली. वरून दुसऱ्या क्रमांकाची आवृत्ती घ्या, साधी ओळ घ्या, एंटर.

जुन्यावर सगळं नीट चाललं, तर डिस्क, मेमरी, डेस्कटॉप, तुमच्या फाइली हे सगळं एका झटक्यात निर्दोष ठरलं. दोष नव्या कर्नलच्या संचात आहे, खाली वाचत जा. आणि आता घाई नाही. कचेरीचं पत्र, विद्यार्थ्यांचे फॉर्म, जे अडलं होतं ते आधी करून घ्या.

जुन्यावरही तेच घडलं, तर गुन्हेगार बहुधा कर्नल नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला गेला असेल, डिस्क पूर्ण भरली असेल किंवा डिस्क खराब होत असेल. मग आवृत्त्यांशी खेळत बसू नका.

यादीत एकच आवृत्ती आहे आणि स्क्रीन काळी आहे, असं असेल तर आणखी एक उपाय आहे. मेनूत ती ओळ निवडून "ई" दाबा, "लिनक्स" शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी "क्वाएट स्प्लॅश"च्या पुढे एक जागा सोडून "नोमोडसेट" लिहा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. याने डेस्कटॉप आला, तर प्रश्न ग्राफिक्सचा आहे हे नक्की. मग पाचव्या तपासणीवर जा.

चालू मशीनवर आता कोणता कर्नल आहे ते असं कळतं:

युनेम -आर

उत्तर ६.८.०-५१-जेनेरिक अशा धाटणीचं येतं. ६.८ ही मालिका, ५१ हा उबुंटूने त्या मालिकेत काढलेल्या बदलाचा क्रमांक. चालणारा आणि न चालणारा असे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे कोणाचीही मदत घ्यायची झाली तर पहिला प्रश्न हाच येतो. शिवाय ५० वरून ५१ ला जाताना बिघडलं की ६.८ वरून ६.१४ ला जाताना, यावर कारणाचा अंदाज बदलतो. पहिल्यात बहुधा संच अपुरा बसलेला असतो. दुसऱ्यात बाहेरचा ड्रायव्हर नव्या मालिकेशी न जुळण्याची शक्यता जास्त.

३. /बूट भरलंय का

परत परत येणारा आजार म्हणतात तो हाच. आज निस्तरला तरी मूळ कारण काढलं नाही तर काही महिन्यांनी पुन्हा उभा राहतो.

डीएफ -एच /बूट

उत्तराच्या शेवटच्या स्तंभात "/बूट" असं आलं तर तुमचं /बूट हे डिस्कवरचं वेगळं विभाजन (पार्टिशन) आहे. नुसती तिरकी रेघ आली तर वेगळं नाही. मग मुख्य डिस्कवर जागा आहे का एवढंच बघा आणि पुढे जा. मिंट बसवताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर /बूट वेगळं आणि छोटं असतं, कारण ग्रबला ते कुलूप उघडण्याआधी वाचावं लागतं. ५१२ एमबीचं जुनं /बूट असेल तर हिशेब लगेच लागतो. व्हीएमलिनझ साधारण १५ एमबी, इनिटआरडी मशीनप्रमाणे ७० ते १५० एमबी, एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर त्याहून जास्त. इनिटआरडी मोठी असेल तर तीन संच झाले की चौथ्याला जागा नाही.

जागा अपुरी पडली की कर्नलची फाइल बसते आणि इनिटआरडी अर्धवट राहते किंवा बनतच नाही. ग्रबला मात्र नवी आवृत्ती दिसते, तो तिलाच सुरू करतो, कर्नलला मुख्य डिस्क वाचायला लागणारी गठडी मिळत नाही, आणि तो "अनेबल टू माउंट रूट एफएस" म्हणून थांबतो. हा संदेश वाचून लोक हार्ड डिस्क गेली असं समजतात आणि नवी डिस्क विकत घेऊन येतात. जुन्या कर्नलवर मशीन सुरू होतंय ना? मग डिस्क शाबूत आहे.

उपाय जुन्या कर्नलवर सुरू करूनच करायचा. अपडेट मॅनेजर उघडा, "व्ह्यू" मेनूतून "लिनक्स कर्नल्स". इशारा येईल, वाचा आणि पुढे जा. डावीकडे मालिका, उजवीकडे आवृत्त्या. चालू असलेल्यावर "अ‍ॅक्टिव्ह" लिहिलेलं असतं, बाकी बसवलेल्यांवर "इन्स्टॉल्ड". खाली "रिमूव्ह कर्नल्स" हे बटण आहे. त्यात जुन्या आवृत्त्यांवर खूण करा. चालू आवृत्ती कधीही काढू नका. तिच्यासोबत आणखी एक चालणारी ठेवा. सर्वांत नवी, जी अर्धवट बसली आहे, ती काढून नंतर पुन्हा बसवणं बहुतेक वेळा सगळ्यात स्वच्छ पडतं.

काढताना "डिरेक्टरी रिकामी नाही म्हणून काढली नाही" अशी ओळ आली तर ती निरुपद्रवी आहे.

कधी गाठ इतकी घट्ट बसते की काढायलाही पॅकेज व्यवस्था तयार होत नाही, कारण आधीचं अर्धवट काम पुरं केल्याशिवाय ती पुढे जात नाही, आणि ते पुरं करायला जागा नसते. अशा वेळी /बूटमधली सगळ्यात जुन्या, न चालवलेल्या आवृत्तीची एकच इनिटआरडी फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये हलवा. पुसायची नाही, हलवायची. मग:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो आप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

हे पुरं झालं की त्या जुन्या आवृत्तीचं पॅकेज वर सांगितलेल्या खिडकीतून रीतसर काढा आणि मग होममधली फाइल पुसा. /बूटमध्ये जाऊन हाताने फाइली पुसायचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नका. पॅकेज व्यवस्थेच्या नोंदीत ती आवृत्ती तशीच राहते, पुढच्या अपडेटला ती तिची इनिटआरडी पुन्हा बनवते, आणि तुम्ही परत तिथेच येता. शिवाय सारखी दिसणारी नावं आणि घाईतला हात यांत चालू कर्नलच पुसला जाणं अगदी सहज होतं.

जागा मोकळी झाल्यावर नव्या आवृत्तीची गठडी नव्याने बांधा. शेवटी यादीत दिसणारा पूर्ण क्रमांक लिहायचा:

सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के ६.८.०-५१-जेनेरिक
सुडो अपडेट-ग्रब

आता मूळ कारण. अपडेट मॅनेजरच्या "प्रेफरन्सेस"मध्ये "ऑटोमेशन" या पानावर जुने कर्नल आपोआप काढण्याची खूण आहे, ती चालू करा. ती एक जुना कर्नल नेहमी शिल्लक ठेवते, त्यामुळे भीती नाही. पण हाताने निवडून बसवलेल्या आवृत्त्यांना ती शिवत नाही. कर्नलच्या खिडकीतून हौसेने चार मालिका बसवल्या असतील तर त्या तुम्हालाच काढाव्या लागतील. खूण चालू असूनही /बूट भरतं अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

४. संच पुरा बसलाय का

अपडेट चालू असताना वीज गेली किंवा लॅपटॉपची बॅटरी संपली, तर पॅकेजं अर्धवट राहतात. लोडशेडिंगच्या गावात हे नवल नाही. वरच्या दोन आज्ञा, डीपीकेजी आणि फिक्स-ब्रोकन, इथेही त्याच क्रमाने चालवा. अर्धवट काही नसेल तर त्या काहीही न करता परत येतात, म्हणून चालवण्यात धोका नाही. फिक्स-ब्रोकन मात्र काय काढणार आणि काय बसवणार याची यादी दाखवून विचारतो, तेव्हा ती यादी वाचा. त्यात सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप) किंवा डेस्कटॉपची इतर पॅकेजं निघणार असं दिसलं तर "नाही" म्हणा आणि थांबा.

दुसरा प्रकार फसवा आहे. मशीन सुरू होतं, पण वायफाय आणि आवाज दोन्ही एकदम गेलेले असतात. उबुंटूच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर दोन पॅकेजांत विभागलेले असतात: "लिनक्स-मॉड्यूल्स" आणि "लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा". वायफायचे पुष्कळसे ड्रायव्हर दुसऱ्यात असतात. कोणी टर्मिनलमधून नुसतं "लिनक्स-इमेज" बसवलं असेल तर दुसरं राहून जातं. सिनॅप्टिक (पॅकेजं बसवायचा-काढायचा प्रोग्रॅम) उघडा, आवृत्तीचा क्रमांक शोधा, आणि इमेज, मॉड्यूल्स, मॉड्यूल्स-एक्स्ट्रा व हेडर्स (बाहेरचे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) या चारही ओळी बसवलेल्या आहेत का बघा. नेट नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, किंवा जुन्या कर्नलवर जाऊन उरलेलं बसवा.

५. बाहेरचे ड्रायव्हर

इथे जरा वेळ लागतो.

लिनक्स कर्नल वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमशी असलेलं नातं जपतो. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालला पाहिजे याबद्दल लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स फार कडक आहेत. कर्नलच्या पोटातल्या जोडण्यांबद्दल मात्र असं कोणतंही वचन नाही. त्या कोणत्याही मालिकेत बदलू शकतात. कर्नलच्या आत असलेला ड्रायव्हर बदलासोबत दुरुस्त होतो. बाहेरून आणलेला, म्हणजे एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स, ब्रॉडकॉमची काही कार्डं, रिअलटेकचे काही डोंगल, हा प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं.

डीकेएमएस स्टेटस

प्रत्येक ड्रायव्हरपुढे कर्नलचा क्रमांक आणि शेवटी स्थिती दिसते. नव्या कर्नलपुढे "इन्स्टॉल्ड" हवं. नुसतं "अ‍ॅडेड" असेल किंवा तो क्रमांकच नसेल, तर बांधणी झालेली नाही. सर्वांत साधं कारण म्हणजे त्या आवृत्तीचे हेडर्स नाहीत. ते चौथ्या तपासणीप्रमाणे बसवा, बांधणी बहुधा आपोआप होते. हेडर्स असूनही बांधणी फसली, तर तो ड्रायव्हर या मालिकेसाठी जुना आहे. ड्रायव्हर मॅनेजर उघडून "रेकमेंडेड" लिहिलेला निवडा.

एनव्हिडियाची फार जुनी कार्डं, जीफोर्स ४०० आणि ५०० मालिका, ३९० शाखेच्या ड्रायव्हरवर चालतात, आणि ती शाखा एनव्हिडियाने २०२२ च्या अखेरीस थांबवली. नवीन कर्नलशी ती भांडणारच. अशा मशीनवर कर्नलमधलाच "नूव्हो" ड्रायव्हर वापरा, किंवा मिंट २१ आणि ५.१५ वर राहा. मिंट २१ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत. जुन्या कार्डासाठी रात्री जागवून नवा कर्नल बसवण्यात काही मिळत नाही.

आता रिअलटेकचा वायफाय. "दर अपडेटला वायफाय जातं आणि पुन्हा तोच ड्रायव्हर बसवावा लागतो" असं कोणी म्हणालं की समजायचं, ड्रायव्हर उतरवून "मेक इन्स्टॉल"ने बसवलेला आहे, डीकेएमएसच्या हाती दिलेला नाही. तो एकाच कर्नलच्या फोल्डरात जाऊन बसतो आणि नवा कर्नल आला की मागे राहतो. पण डीकेएमएसमध्ये घालायच्या आधी बघा की त्या ड्रायव्हरची आता गरज तरी आहे का. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू यांसारख्या यूएसबी डोंगलांसाठी कर्नल ६.२ पासून आतच ड्रायव्हर आहे. मिंट २२ वर ६.८ आहे, म्हणजे बाहेरचा काढून टाकला आणि रीस्टार्ट केलं की कायमची सुटका होऊ शकते. जुना बाहेरचा आणि नवा आतला एकमेकांत अडकले की वायफाय दिसतं पण जोडलं जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

६. सिक्युअर बूट

सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलाच कर्नल आणि ड्रायव्हर चढू देणारी फर्मवेअरची सोय. ती चालू आहे का ते असं कळतं:

मोकयुटिल --एसबी-स्टेट

"एनेबल्ड" आलं, आणि डीकेएमएस "इन्स्टॉल्ड" म्हणत असूनही ड्रायव्हर चढत नसेल, तर सही अडते आहे. मागच्या वेळी सुरू होताना कसला संदेश आला होता ते असं बघता येतं:

जर्नलसीटीएल -के -बी -१

त्यात "लोडिंग ऑफ मॉड्यूल विथ अनअव्हेलेबल की इज रिजेक्टेड" शोधा. मशीनवर बांधलेल्या ड्रायव्हरवर मशीनच्याच किल्लीची सही असते, आणि ती किल्ली एकदा फर्मवेअरला ओळख करून द्यावी लागते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो, पुढच्या सुरुवातीला निळी स्क्रीन येते, तिथे "एन्रोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण त्या निळ्या स्क्रीनला घाबरून "कंटिन्यू बूट" दाबतात, आणि ओळख राहून जाते. पुन्हा मागवायची आज्ञा:

सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की

"बॅड शिम सिग्नेचर" हा त्याच घरातला दुसरा दोष. उबुंटूच्या "मेनलाइन" संग्रहातून उतरवलेला कर्नल सही नसलेला असतो. ते कर्नल चाचणीसाठी आहेत, रोजच्या मशीनसाठी नाहीत. जुन्यावर सुरू करून तो काढून टाका.

सिक्युअर बूट बंद करून टाका, हा सल्ला सोपा वाटतो. पण शेजारच्या विंडोजवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल, तर तो बंद करताच विंडोज रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर विंडोजमधला सगळा मजकूर कुलपात अडकतो. की कागदावर लिहिलेली असल्याशिवाय त्या खुणेला हात लावू नका.

७. कर्नलमध्येच दोष असेल तर

सगळं जागच्या जागी आहे, तरी नव्यावर लॅपटॉप झोपेतून उठत नाही किंवा स्क्रीन थरथरते. मग जुन्यावर राहायचं. दुरुस्ती बहुधा पुढच्या काही आठवड्यांतल्या अपडेटसोबत येते. तोवर अपडेट मॅनेजरमध्ये त्या कर्नलवर उजवं बटण दाबून ही आवृत्ती वगळायला सांगा, आणि दोष असलेली आवृत्ती काढा. नुसती जुनी बसवून भागत नाही, कारण ग्रब नेहमी वरचा क्रमांक उचलतो.

काढायची नसेल तर /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये "ग्रब_डिफॉल्ट"ची किंमत "सेव्ह्ड" करा, "ग्रब_सेव्हडिफॉल्ट"ची "ट्रू" अशी ओळ घाला आणि अपडेट-ग्रब चालवा. मग मेनूत शेवटी निवडलेला कर्नलच पुढच्या वेळी सुरू होतो.

"लिनक्स-जेनेरिक" या नावाचं, क्रमांक नसलेलं पॅकेज मात्र काढू नका. नवे कर्नल त्याच्यामार्फत येतात. ते काढलं की त्रास थांबल्यासारखा वाटतो, आणि मशीन सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय वर्षानुवर्षं पडून राहतं.

काही जण मूळ कर्नल प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ६.८ ची मुदत संपली असं वाचून धास्तावतात. तिथे ती मे २०२४ मध्येच संपली, हे खरं. पण मिंटमधला ६.८ उबुंटू स्वतः सांभाळतं आणि त्यात दुरुस्त्या घालत राहतं. कर्नलच्या खिडकीत कोणत्या मालिकेला कधीपर्यंत आधार आहे ते लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवा.

८. टाइमशिफ्ट आणि लाइव्ह यूएसबी

कोणताच कर्नल सुरू होत नाही, पण टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिमची आधी जपून ठेवलेली स्थिती) आहे, तर मिंटच्या लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून मिंट बसवतात तो पेन ड्राइव्ह) टाइमशिफ्ट उघडून तो परत आणता येतो. मुळात ठरवल्याप्रमाणे तो होममधल्या फाइलींना हात लावत नाही. स्नॅपशॉट नसेल, तर त्याच यूएसबीवर "बूट रिपेअर" आहे, ग्रब बिघडला असेल तर उपयोगी पडतं. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर आधी फाइल मॅनेजरमधून तिचं कुलूप उघडा. दोन्हीच्या आधी, लाइव्ह यूएसबीवरून होममधलं महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आधी बॅकअप, मग दुरुस्ती.

कुठे थांबायचं

लक्षणांत सांगितलेला "इनिट्रॅमएफएस" प्रॉम्प्ट किंवा खालीलपैकी काही दिसलं तर हात आवरा आणि जाणकाराकडे जा:

- "आय/ओ एरर" पुन्हा पुन्हा येतो, फाइल सिस्टिम "रीड-ओन्ली" होते, किंवा "डिस्क्स" या प्रोग्रॅममधला स्मार्ट अहवाल डिस्क निकामी होतेय म्हणतो. बॅकअप नसेल तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. प्रत्येक सुरुवातीला डिस्क आणखी झिजते. डेटा परत मिळवणाऱ्यांकडे न्या, आणि तिच्यावर एफएससीके चालवू नका.
- एन्क्रिप्टेड डिस्क योग्य पासवर्ड नाकारते, आणि लाइव्ह यूएसबीवरूनही नाकारते. कीबोर्डचा लेआउट तपासला असेल तर पुढे काही लिहू नका.
- लाइव्ह यूएसबीवरही मशीन गोठतं. तो हार्डवेअरचा प्रश्न आहे: मेमरी, तापमान, बोर्ड.
- कोणी बायोस अपडेट करायला सांगतंय. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच करू द्या.
- मशीन कचेरीचं, बँकेचं किंवा दवाखान्याचं आहे आणि त्यात इतरांची माहिती आहे. जुन्या कर्नलवर चालू करून द्या आणि बाकीचं त्यांच्या तंत्रज्ञावर सोडा.

पुन्हा होऊ नये म्हणून

/इटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये मेनू पाच सेकंद दिसेल असं करा: "ग्रब_टाइमआउट_स्टाइल"ची किंमत "मेनू", "ग्रब_टाइमआउट"ची ५, मग अपडेट-ग्रब. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही मग फोनवर जुना कर्नल निवडायला सांगता येतं, एस्केप नेमका कधी दाबायचा ही कसरत नको.

कर्नलचा अपडेट घेतला की त्याच दिवशी, हाताशी वेळ असताना रीस्टार्ट करा. आठवडाभर न केल्यास मधे आणखी दहा पॅकेजं बदललेली असतात आणि दोष कशाचा ते उमगत नाही.

संगणक कक्ष सांभाळत असाल तर सगळ्या मशीनवर एकाच दिवशी कर्नल चढवू नका. एका मशीनवर चढवा, त्यावर वायफाय, आवाज, प्रोजेक्टर आणि झोपवून उठवणं तपासा, दोन-तीन दिवस मुलांना वापरू द्या, मग बाकीच्यांवर घ्या. परीक्षेच्या आठवड्यात तर अजिबात नाही.